आयटीआय, डिप्लोमा, दोन नोकऱ्या आणि मधे दीड वर्षाचा खंड: रिझ्युमे कसा लिहावा?

बोरीकाठ, अमळनेर

राम राम मंडळी. धाकट्या भावाच्या रिझ्युमेबद्दल विचारायचंय. सगळी माहिती एकदाच देतो.

दहावी २०१७, आयटीआय फिटर २०१९, मग डायरेक्ट सेकंड इयरला मेकॅनिकल डिप्लोमा, २०२१ ला पास, ७१ टक्के. सप्टेंबर २०२१ ते डिसेंबर २०२२ जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात, पण ठेकेदारामार्फत. जानेवारी २०२३ ते जून २०२४ पोलीस भरती आणि सरळसेवेची तयारी. जुलै २०२४ पासून एका डाळ मिलमध्ये मेंटेनन्सला आहे. आता चाकण (पुणे), वाळूज (छत्रपती संभाजीनगर) किंवा सातपूर-अंबडकडे (नाशिक) मेंटेनन्समध्येच जायचंय.

रिझ्युमे डीटीपीच्या दुकानातून करून आणलाय. तीन पानी. रंगीत चौकट, फोटो, वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, शेवटच्या पानावर वडिलांचं नाव, जात, वैवाहिक स्थिती, आधार नंबर आणि डिक्लरेशन. कामाबद्दल मात्र एकच ओळ: 'मशीन ऑपरेटिंग अँड मेंटेनन्स वर्क'. ऑनलाइन बरेच अर्ज गेले, फोन एकाचाही नाही.

ठेकेदाराचं नाव लिहायचं की कारखान्याचं? दीड वर्षाचा खंड झाकावा का? आणि कामाबद्दल नेमकं लिहायचं काय? भाऊ म्हणतो, "जे केलं ते एवढंच आहे."

---

गिरणाथडी, जळगाव

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो. फोन न येण्याचं मूळ तिथंच आहे.

'मशीन ऑपरेटिंग अँड मेंटेनन्स' ही ओळ आयटीआय झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या रिझ्युमेत असते. ती वाचून याला बेअरिंग काढता येतं की नुसतं ग्रीस मारता येतं, हे कळत नाही. रिझ्युमे निवडणाऱ्याच्या हातात जागेची मागणी असते आणि तिच्यात शब्द ठरलेले असतात: प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, ब्रेकडाउन, बेअरिंग, अलाइनमेंट, न्यूमॅटिक्स, गिअरबॉक्स. ते शब्द तुमच्या कागदावर दिसले तर तो पुढं वाचतो.

दुसरी अडचण खास आपल्याकडच्या मुलांची. चाकणच्या गाड्यांचे भाग करणाऱ्या कारखान्यातल्या माणसाला डाळ मिल म्हणजे काय ते ठाऊक नसतं. 'डाळ मिलमध्ये मेंटेनन्स' वाचून त्याला वाटतं, आपल्या कामाचं नाही. पण डाळ मिलमध्ये असतं काय? बकेट एलिव्हेटर, स्क्रू कन्व्हेअर, एमरी रोल, डी-स्टोनर, ड्रायरचे ब्लोअर, कलर सॉर्टरला हवा देणारा कॉम्प्रेसर. या सगळ्यांच्या पोटात पेडेस्टल बेअरिंग, व्ही-बेल्ट, चेन-स्प्रॉकेट, गिअरबॉक्स, मोटर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह. हे भाग चाकणलाही तेच. म्हणून आधी यंत्राचं नाव लिहा आणि लगेच त्यातल्या भागांवर या.

भावाला समोर बसवा, वही घ्या आणि प्रत्येक नोकरीसाठी हे विचारा. कोणकोणती यंत्रं हाताखाली होती? त्यांचं माप किंवा क्षमता काय, मोटर किती एचपीची? रोज काय तपासायचा, आठवड्याला काय, महिन्याला काय? कोणता बिघाड वारंवार यायचा आणि त्याचं कारण काय निघालं? काय मोजायचा आणि कशानं? कोणतं रजिस्टर भरायचा? हाताखाली हेल्पर किती? "एवढंच केलं" म्हणणाऱ्या मुलाकडून तासाभरात दोन पानं भरतात. त्यातल्या चांगल्या पाच-सहा ओळी प्रत्येक नोकरीखाली घ्यायच्या.

खाली नमुना देतो. इथं आशय मराठीत आहे, रिझ्युमेत हे इंग्रजीतच जाईल. आकडे त्याचे स्वतःचे घाला, माझे उचलू नका.

पीव्हीसी पाइप कारखाना:
– ६३ ते १६० मिमी व्यासाच्या पाइपच्या ट्विन-स्क्रू एक्स्ट्रुडर लाइनवर शिफ्टमध्ये काम. बॅरल व डायच्या झोनचं तापमान, व्हॅक्युम टँक आणि हॉल-ऑफचा वेग यांची नोंद व जुळणी.
– दर तासाला बाहेरचा व्यास, भिंतीची जाडी व ओव्हॅलिटी व्हर्नियर आणि मायक्रोमीटरनं तपासून आयएस ४९८५ प्रमाणे शीट भरणं.
– साइज बदलताना डाय व सायझिंग स्लीव्ह उतरवणं-चढवणं. जळालेले हीटर बँड आणि थर्मोकपल बदलणं.

डाळ मिल:
– बकेट एलिव्हेटर, स्क्रू कन्व्हेअर व एमरी रोल यांची साप्ताहिक प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स. पेडेस्टल बेअरिंग (यूसीपी २०८ व तत्सम), व्ही-बेल्ट, चेन-स्प्रॉकेट बदलणं, पुलीचं अलाइनमेंट.
– कॉम्प्रेसरची एअर लाइन, एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर) युनिट व सोलेनॉइड व्हॉल्व्ह यांची देखभाल.
– सीझनआधीच्या ओव्हरहॉलिंगसाठी लागणाऱ्या स्पेअरची यादी व स्टॉक नोंद.

इंग्रजीत लिहिताना प्रत्येक ओळ क्रियेनं सुरू होऊ द्या: बदललं, तपासलं, बसवलं, कमी केलं. 'रिस्पॉन्सिबल फॉर' असं सुरू केलं की माणूस फक्त तिथं हजर होता असं वाटतं.

परिणामाचा आकडा असेल तर सोन्याहून पिवळं. 'बेल्ट घसरून एलिव्हेटर बंद पडायचा, टेन्शन तपासणी साप्ताहिक केल्यावर तो बिघाड थांबला' असं लिहिता आलं तर उत्तमच. पण '३० टक्के ब्रेकडाउन कमी' असा आकडा हवेतून काढू नका. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, "आधी किती तास बंद असायचं, मोजलं कसं?" तिथं अडखळला की बाकीच्या खऱ्या ओळींवरचाही विश्वास जातो.

लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येणार हे धरून चला. व्हर्नियर लिहिलं की लीस्ट काउंट (त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) विचारतात: नेहमीच्या व्हर्नियरचा ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१ मिमी. बेअरिंग नंबर लिहिला की शाफ्ट किती मिमीचा ते विचारतात. यूसीपी २०८ ला ४० मिमी.

---

वाघूर, जामनेर

पहिले दोन प्रश्न मी घेतो.

ठेकेदार की कारखाना? दोन्ही लिहायचे, पण क्रम बरोबर हवा. ज्याच्या नावावर पगार आणि पीएफ, तो मालक. म्हणून आधी ठेकेदार फर्मचं नाव आणि त्याच ओळीत 'कामाचं ठिकाण: अमुक कारखाना, एमआयडीसी, जळगाव'. पदासमोर 'ठेकेदारामार्फत' स्पष्ट लिहा. त्यात कमीपणा काही नाही. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत हजारो मुलं अशीच काम करतात आणि भरती करणाऱ्याला ते चांगलं ठाऊक असतं.

फक्त कारखान्याचं नाव लिहिलं तर अडचण पुढं येते. बऱ्याच मोठ्या कंपन्या ऑफर देण्याआधी किंवा रुजू करून घेताना मागच्या नोकऱ्या तपासतात आणि त्यासाठी यूएएनची (पीएफचा कायमचा क्रमांक) सर्व्हिस हिस्टरी बघतात. तिथं आस्थापनेच्या नावात ठेकेदार दिसतो, कारखाना दिसत नाही. रिझ्युमेत वेगळं नाव असलं की फाइल अडकते.

म्हणून रिझ्युमे लिहिण्याआधी पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून सर्व्हिस हिस्टरी उघडा. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख तिथं जी आहे, त्याच महिन्याशी रिझ्युमे जुळवा. ठेकेदारानं सोडल्याची तारीख भरलीच नाही, असं वरचेवर घडतं. मग पहिली नोकरी अजून चालू दिसते, दुसरीशी तारखा आडव्या जातात आणि माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला होता असं वाटतं. आधी ठेकेदाराकडून ती तारीख भरून घ्या. त्यानं दाद दिली नाही तर शेवटचं पीएफ जमा होऊन दोन महिने उलटल्यावर मेंबर स्वतः 'मार्क एक्झिट' करू शकतो.

डाळ मिलमध्ये पीएफ कापत नसतील तर पुरावा दुसरा लागेल. लेटरहेडवर नाव, पद, कधीपासून, सही-शिक्का, एवढं पत्र घेऊन ठेवा. पगार रोखीत असेल तर तो बँकेत जमा करायला सांगा, पुढच्या तपासणीला त्या नोंदी चालतात. ही कागदं रिझ्युमेला जोडायची नाहीत. मागितली की द्यायची.

खंड झाकू नका. तारखा फक्त वर्षात लिहून (२०२१–२०२२, २०२४ पासून) तो लपवायचा सल्ला बरेच जण देतात. फोनवरच्या पहिल्या मिनिटाला महिने विचारतात आणि लपवलेलं उघड होतं. अनुभवाच्या रकान्यात त्या काळासमोर एकच ओळ घाला: 'जानेवारी २०२३ – जून २०२४: स्पर्धा परीक्षा व पोलीस भरतीची पूर्णवेळ तयारी.' खानदेशात आज घरटी एखादा मुलगा या तयारीत आहे, पुण्या-नाशिकच्या एचआरलाही हे नवीन नाही. त्यांना भीती एकच असते: रुजू होईल आणि पुढची जाहिरात निघाली की जाईल. म्हणून फोनवर विचारलं तर स्पष्ट सांगावं, तयारी थांबवलीय आणि आता याच क्षेत्रात राहायचंय. अर्थात ते खरं असेल तरच.

त्या दीड वर्षात सुट्या-सुट्या दिवशी कुठं वेल्डिंग, मोटर रिवाइंडिंग, शेतातल्या पंपाची दुरुस्ती केली असेल तर त्याच ओळीखाली अर्ध्या ओळीत लिहा. हात कामातून गेलेला नाही हे दिसतं.

---

जंक्शन, भुसावळ

वरच्या दोघांनी मजकुराचं सांगितलं. मी फाइलचं सांगतो. मजकूर चांगला असूनही फाइलमुळं अर्ज मरतो.

ऑनलाइन अर्ज केला की बऱ्याच कंपन्यांत आधी सॉफ्टवेअर तो वाचतं, ज्याला एटीएस म्हणतात. ते फाइलमधला मजकूर उपसून नाव, फोन, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं. रंगीत चौकट, दोन कॉलम, टेक्स्ट बॉक्स, फोनच्या जागी चिन्ह, कौशल्यासमोर पाचपैकी चार तारे, यांत ते गोंधळतं. दोन कॉलम असले तर डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळू शकते. नाव-नंबर वर्डच्या हेडरमध्ये टाकले तर काही सॉफ्टवेअर ते वाचतच नाहीत.

तपासणी घरी करता येते. पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथं नाव, नंबर, नोकऱ्या क्रमानं आणि शुद्ध दिसल्या तर फाइल ठीक. काहीच सिलेक्ट होत नसेल तर ती फाइल म्हणजे नुसता फोटो आहे: प्रिंट काढून मोबाइलनं स्कॅन केलेली. ती सॉफ्टवेअरला कोरी दिसू शकते.

आपल्याकडच्या डीटीपी दुकानांतला आणखी एक घोळ. ते कृतिदेव किंवा श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. त्यात अक्षर मराठी दिसतं, पण आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर वर्ड फाइल उघडली की सगळं अगम्य. मराठी नाव किंवा पत्ता घालायचाच असेल तर युनिकोडमध्ये. पण खासगी कंपनीसाठी अख्खा रिझ्युमे इंग्रजीतच करा. पतसंस्था, शिक्षण संस्था, नगरपालिका यांचा अर्ज मराठीत असतो, तो वेगळा.

मांडणी साधी. पान ए-फोर (वर्डमध्ये कधी कधी लेटर साइज आपोआप असते, बदलून घ्या). चारही बाजूंना २ सेंमी समास. कॅलिब्री किंवा एरियल, मजकूर १०.५ किंवा ११, मथळे १२, नाव १६. एकच कॉलम, काळी अक्षरं. कॉम्प्युटर नसेल तर मोबाइलवर गूगल डॉक्समध्ये लिहून पीडीएफ करता येतं, पैसे लागत नाहीत. वर्डची मूळ फाइल मात्र स्वतःकडे ठेवा. दुकानदार फक्त प्रिंट आणि पीडीएफ देतो आणि मग एक ओळ बदलायलाही पुन्हा दुकान गाठावं लागतं.

नावाचा क्रम बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. तसंच पोर्टलवर भरलं की 'फर्स्ट नेम'मध्ये आडनाव जातं आणि समोरचा भावाला आडनावानं हाक मारतो. रिझ्युमेवर आधी स्वतःचं नाव, शेवटी आडनाव. स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटवरचंच. आधारवर वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

ईमेल त्याचा स्वतःचा हवा आणि पासवर्ड त्याच्याच जवळ. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल टाकलेले रिझ्युमे अजूनही येतात. मुलाखतीचं पत्र तिथंच पडून राहतं.

फाइलला नाव द्या: नाव, आडनाव, पद. 'न्यू रिझ्युमे फायनल २' नको, एचआरच्या फोल्डरमध्ये तशा ढीगभर फाइली असतात.

---

बोरीकाठ, अमळनेर

खूप उपयोग झाला, मंडळी. सर्व्हिस हिस्टरी उघडली. वाघूरभाऊंनी सांगितलं तसंच निघालं, सोडल्याची तारीख रिकामी आहे. ठेकेदाराला फोन लावतो.

अजून दोन गोष्टी. फोटो, जात, आधार, डिक्लरेशन हे सगळं काढून टाकायचं का? दुकानदार म्हणतो सहीशिवाय रिझ्युमे चालत नाही. आणि एक पान पुरेल का?

---

पांझराकाठची ताई, धुळे

मधेच विचारते, माफ करा. वहिनींसाठी असाच रिझ्युमे करायचाय. बी.कॉम. २०१९, धुळ्यात एका व्यापाऱ्याकडे चार वर्षं टॅलीवर काम. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी नाशिकला अर्ज करायचाय. 'टॅली आणि जीएसटी येतं' याच्या पुढं काय लिहू?

---

गिरणाथडी, जळगाव

बोरीकाठ, ते सगळं काढा. आधार नंबर तर कुठल्याही परिस्थितीत नको. तो कागद किती जणांच्या फोनमध्ये फिरणार याचा हिशेब लागत नाही. पॅन, बँक खातं, जात, धर्म, वैवाहिक स्थिती, घराचा पूर्ण पत्ता, कशाचीच गरज नाही. गाव, तालुका, जिल्हा पुरे. डिक्लरेशन आणि सही सरकारी अर्जाच्या सवयीतून आलीय, खासगी रिझ्युमेत ती नुसती जागा खाते. सरकारी भरतीत किंवा अनुदानित शाळेत त्यांचा ठरलेला नमुना असतो. तिथं जे मागितलंय ते तंतोतंत भरायचं, तिथं हा सल्ला लावू नका.

फोटोवर लोकांची मतं वेगळी आहेत. माझं मत, जाहिरातीत मागितला तरच. फोनच्या कॅमेऱ्यातला मोठा फोटो घातला की फाइल जड होते आणि अनेक साइटवर २ एमबीच्या आसपास मर्यादा असते. अपलोड अर्धवट राहतं आणि माणसाला वाटतं अर्ज गेला.

पान एकच. दहा वर्षांच्या आत अनुभव असलेल्याला दुसरं पान सहसा लागत नाही. वर नाव, मोबाइल, ईमेल, 'अमळनेर, जि. जळगाव, चाकण/वाळूज/नाशिक येथे येऊन रुजू होण्यास तयार'. ही शेवटची ओळ फार महत्त्वाची. बाहेरगावचा पत्ता दिसला की येईल की नाही या शंकेनं फोन टाळतात. मग करिअर ऑब्जेक्टिव्हच्या जागी दोन ओळींचा सारांश: शिक्षण, कोणत्या यंत्रांवरचा अनुभव, कोणती जागा हवी. 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' छापाचं वाक्य पूर्ण काढा. त्यानंतर अनुभव, आताची नोकरी आधी. मग कौशल्यं, मग शिक्षण, तेही उलट्या क्रमानं: डिप्लोमा, आयटीआय, दहावी. आयटीआय समोर ट्रेड आणि एनसीव्हीटी की एससीव्हीटी (प्रमाणपत्र केंद्राच्या परिषदेचं की राज्याच्या) ते लिहा. टक्के मार्कशीटवर आहेत तसे. सीजीपीए असेल तर किती पैकी ते लिहा, स्वतःच्या हिशेबानं टक्के काढू नका. शिक्षणाचा रकाना वर फक्त नुकत्याच पास झालेल्याचा. छंद, 'वर्तमानपत्र वाचणे', रेफरन्सेस अव्हेलेबल ऑन रिक्वेस्ट, हे सगळं जाऊ द्या. कबड्डी किंवा कुस्तीत जिल्हा-राज्य पातळीचं प्रमाणपत्र असेल तर मात्र एक ओळ ठेवा.

---

सराफबाजार, जळगाव

पांझराकाठच्या ताई, अकाउंट्सच्या रिझ्युमेत समोरचा तीन गोष्टी शोधतो: कामाचा आकार, कामाची हद्द आणि वेळ पाळली की नाही.

आकार म्हणजे महिन्याला विक्री-खरेदीची साधारण किती व्हाउचर, बँक खाती किती, पार्टी लेजर किती, गोदामं किती. टॅलीच्या डे बुकमधून हे आकडे वहिनींना लगेच काढता येतील. महिन्याला दीडशे बिलं करणारी आणि दोन हजार करणारी, दोघीही 'टॅली येतं' असंच लिहितात.

हद्द ही जागा सगळ्यात नाजूक. 'जीएसटी रिटर्न भरले' आणि 'जीएसटी रिटर्नसाठी डेटा तयार करून सीएंकडे दिला' ही दोन वेगळी कामं आहेत. धुळ्या-जळगावच्या पेढ्यांमध्ये बहुधा दुसरं असतं आणि तेही चांगलं काम आहे. तसंच लिहा. जीएसटीआर-२बी (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) आणि खरेदी रजिस्टर जुळवून न दिसणारी बिलं पार्टीकडून पाठपुरावा करून घेतली असतील, तर ती ओळ सगळ्यात वर. मालकाचे पैसे त्यातच वाचतात.

वेळ: मासिक रिटर्न असेल तर जीएसटीआर-१ ची ११ आणि ३बी ची २० तारीख. 'चार वर्षं मासिक डेटा मुदतीआधी' हे खरं असेल तर तेवढं एक वाक्य पुरतं.

याशिवाय बँक रिकन्सिलिएशन, ई-वे बिल, टीडीएसची कपात नोंद, उधारी वसुलीची वयवार यादी, स्टॉक स्टेटमेंट. यातलं जे स्वतः केलंय तेवढंच. ई-वे बिल लिहिलं तर मर्यादा विचारतील: परराज्यात मालाची किंमत ५०,००० रुपयांवर गेली की, आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखावर. नाशिकच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास.

एक्सेल लिहिताना 'एमएस ऑफिस' एवढ्यावर थांबू नका. पिव्होट, व्हीलुकअप, फिल्टर, जे वापरता ते नाव घेऊन. एमएस-सीआयटी लिहा, पण शेवटी. टायपिंगची शासकीय परीक्षा दिली असेल तर भाषा आणि वेग लिहा: मराठी ३०, इंग्रजी ४०.

पदवीवर विद्यापीठाचं नाव प्रमाणपत्रावर आहे तेच हवं. आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं २०१८ मध्ये नाव बदलून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. वहिनी २०१९ च्या, म्हणजे पूर्ण नाव. त्याआधी पास झालेल्यांच्या प्रमाणपत्रावर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, त्यांनी तेच ठेवावं. पोर्टलच्या यादीत कधी जुनं नाव असतं, कधी नवं. दोन्ही शोधून बघा, 'अदर' निवडू नका.

---

गोमाई, शहादा

कारखाना-ऑफिस झालं. आमच्या नंदुरबारकडच्या मुलांसाठी फिल्डच्या नोकऱ्यांचं लिहितो: ठिबक, बियाणं, खतं, मायक्रोफायनान्स.

यांच्या रिझ्युमेत भाषांचा रकाना खरं काम करतो, आणि नेमका तोच सगळे 'मराठी, हिंदी, इंग्रजी' लिहून सोडून देतात. अहिराणी, भिली, पावरी, गुजराती, जी बोलता येते ती लिहा, समोर 'बोलणे' की 'बोलणे-वाचणे' ते लिहा. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर कर्जाची बैठक घ्यायला पावरी बोलणारा माणूस कंपनीला शोधून सापडत नाही, आणि आपली मुलं ती भाषा लिहायला लाजतात. सुरत, नवसारी, वापीकडे अर्ज करत असाल तर गुजराती लिहिलीच पाहिजे.

दुसरं, तालुके लिहा. 'शहादा, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली ४० गावं, २५ कृषी सेवा केंद्रं' असा पट्टा दिसला की एरिया मॅनेजरला लगेच कळतं कुठं लावायचं. स्वतःची दुचाकी आणि लायसन्सचा प्रकार लिहा, लायसन्स नंबर नको. मायक्रोफायनान्समध्ये केंद्रं किती, सभासद किती, वसुलीचं प्रमाण किती, हे तीन आकडे मागतात. आकडा मागच्या कंपनीच्या रिपोर्टशी जुळणाराच द्या, या क्षेत्रात सगळे एकमेकांना विचारतात.

---

वाघूर, जामनेर

गोमाईभाऊ, भाषांचं अगदी बरोबर.

रोजगार मेळाव्याबद्दल थोडं. जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडून मेळावे होतात, त्यासाठी महास्वयंम पोर्टलवर नोंदणी आधी करून ठेवा. मेळाव्यात टेबलापुढं रांग असते, एका मुलाला मिनिटभरही मिळत नाही. तिथं पानाचा वरचा एक-तृतीयांश भागच वाचला जातो, म्हणून सारांश आणि आताची नोकरी वरच हवी. दहा प्रती न्या. झेरॉक्सची झेरॉक्स नको, प्रिंटच काढा. मार्कशीटचा संच वेगळ्या फोल्डरमध्ये, मागितल्याशिवाय देऊ नका.

पोर्टलवर वाळूजच्या नोकऱ्या शोधताना 'औरंगाबाद' आणि 'छत्रपती संभाजीनगर' दोन्ही टाकून बघा. २०२३ मध्ये नाव बदललं, पण जुन्या जाहिराती आणि फिल्टर अजून दोन्ही नावांनी आहेत. प्रोफाइलमध्ये पसंतीची शहरं निवडताना हेच.

एआयकडून रिझ्युमे लिहून घेणारे वाढलेत. इंग्रजी दुरुस्तीसाठी जरूर वापरा. पण कच्चा माल तुमचा द्या: वहीतल्या त्या पाच-सहा ओळी. नुसतं 'फिटरचा रिझ्युमे लिही' म्हटलं की ते न चालवलेली यंत्रंही लिहून देतं, आणि पीएलसी (यंत्र आपोआप चालवणारा कंट्रोलर), सॅप (कंपनीचा हिशेब-स्टॉक सांभाळणारं सॉफ्टवेअर) असे शब्द घुसतात. भावाला पीएलसीचा इनपुट-आउटपुट लाइट बघून दोष शोधता येत नसेल तर तो शब्द काढा.

नोकरी लावून देतो म्हणून नोंदणी, गणवेश किंवा मेडिकलच्या नावाखाली आधी पैसे मागणारा भेटला तर रिझ्युमेसुद्धा देऊ नका.

---

बोरीकाठ, अमळनेर

वही घेऊन बसलो होतो भावासोबत. पाइपच्या लाइनवर भिंतीची जाडी एका बाजूला कमी येत असेल तर डायचे सेंटरिंग बोल्ट कसे फिरवायचे, हे त्यानं चित्र काढून समजावलं. हे आधीच्या रिझ्युमेत नव्हतं. आता एक पान होतंय. मेल कसा पाठवायचा तेवढं सांगा.

---

जंक्शन, भुसावळ

ते डाय सेंटरिंग पाइप कारखान्याच्या पहिल्या तीन ओळींत घ्या. वाचणारा तिथं थांबेल.

मेलचा विषय कोरा सोडू नका. असा लिहा: 'मेंटेनन्स टेक्निशियन पदासाठी अर्ज – डिप्लोमा मेकॅनिकल व आयटीआय फिटर – नोटीस पीरियड १५ दिवस'. जाहिरातीत जॉब कोड असेल तर तो सगळ्यात आधी. आत पाच-सहा ओळी पुरे: जाहिरात कुठं पाहिली, कोणत्या पदासाठी अर्ज, त्या जाहिरातीत मागितलेल्यांपैकी आपल्याकडच्या दोन-तीन गोष्टी, कधी रुजू होऊ शकतो, मोबाइल नंबर. पगाराची अपेक्षा विचारली असेल तरच. रिझ्युमे पीडीएफ जोडा, मार्कशीट जोडू नका. एका मेलमध्ये वीस कंपन्यांचे पत्ते टाकू नका, सगळ्यांना सगळे दिसतात.

प्रत्येक अर्जाआधी जाहिरात पुन्हा वाचा आणि वरच्या ओळींचा क्रम तिच्याप्रमाणं बदला. वाळूजच्या जागेला न्यूमॅटिक्स मागितलं असेल तर कॉम्प्रेसरची ओळ वर, प्लास्टिकच्या कारखान्याला एक्स्ट्रुडरची वर. दहा मिनिटांचं काम आहे.

पाठवायच्या आधी मेल स्वतःलाच पाठवून मोबाइलवर उघडून बघा. आणि एका वहीत कंपनी, पद, तारीख, कोणती फाइल पाठवली ते लिहून ठेवा. फोन आला की समोर कोणता कागद आहे ते भावाला लगेच कळेल. अनोळखी नंबर उचलायला सांगा, पुण्या-नाशिकचे फोन बहुधा दुपारीच येतात आणि मिलमध्ये मोबाइल कपाटात असतो. तसं असेल तर रिझ्युमेवर तुमचा दुसरा नंबर द्या, समोर 'मोठे बंधू' लिहून.